सायलीच्या सासऱ्यांचा दहावा

रविवार, ८ फेब्रुवारी

दुपारी सायलीचा फोन. मी सहावीचे पेपर तपासत होते, लाल पेन हातातच राहिलं.

"रुपे, एकवीसला शनिवार आहे. खराडीला माझ्याकडे ये. संध्याकाळी बाहेर जाऊ. वाइन आणि ऑयस्टर."

मी विचारलं, म्हणजे ते शिंपल्यातलं? ती म्हणाली, हो, कोकणात ज्याला कालवं म्हणतात तेच. बर्फावर मांडून आणतात, वर लिंबू पिळायचं आणि तशीच गिळायची.

"कच्ची?"

"कच्ची."

नगरच्या हॉस्टेलवर असताना मेसचं पाणीदार वरण ओरपत आम्ही दोघींनी हे ठरवलं होतं. नोकरी लागली की पहिल्या पगारात वाइन आणि ऑयस्टर, पिक्चरमधल्या बायकांसारखं. मग तिला नोकरी लागली आणि मला स्थळ आलं.

तिचा नवरा, अमृत भावजी, पण येणार का म्हटलं, तर म्हणाली, "त्याचं काय? फक्त आपण दोघी." आणि म्हणाली, राहायचं तू, घरात जागाच जागा आहे. आवाज बसला होता तिचा. पुण्यात सर्दीची साथ असणार. गरम पाण्यात हळद टाकून गुळण्या कर म्हणून सांगितलं.

मी जाणार. इथं लिहून ठेवते म्हणजे मागं फिरता येणार नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

नितीनला विचारलं. तो दुकानात ठिबकच्या नळ्यांचं बंडल सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "आईला विचार."

आईंना विचारलं.

"पुन्याला? कशाला?"

"सायलीला भेटायला. माझी मैत्रीण."

"काय झालंय तिला?"

"काही नाही झालं."

"मंग कशाला?"

या घरात मला आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही, हे मी देवाशपथ सांगेन. मारहाण नाही, भांडण नाही, शिव्या नाहीत. फक्त 'कशाला?' विचारतात. शाळेची सहल महाबळेश्वरला मुक्कामी होती, तेव्हाही 'कशाला'. नेवाशाला माहेरी दोन दिवस जास्त राहते म्हटलं, तेव्हाही 'कशाला'. आणि मजा म्हणजे मला उत्तर देता येत नाही. 'मला वाटतं म्हणून' हे उत्तर तिसगावात चालत नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना एवढा राग आला की परातच आपटली. आई बाहेरून म्हणाल्या, "पडली का गं?" हो म्हटलं, पडली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज मी एक माणूस मारला.

दोन दिवस विचार करत होते. 'कशाला' कोणत्या गोष्टीला विचारत नाहीत? बाळंतपणाला आणि मयताला. बाळंतपण सायलीला विचारल्याशिवाय लावता येईना. राहिलं मयत.

आई अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. मी मोबाईल हातात धरून बाहेर आले आणि म्हटलं, "आई, सायलीचे सासरे गेले हो."

त्यांचे हात थांबले. "आरं देवा. कदी?"

"आज सकाळी."

"एकादशीला गेले? पुन्यवान मानूस." बोटांवर मोजून लगेच म्हणाल्या, "रविवारी दहावा यील. बावीसला. जावं लागंल बाई."

जावं लागंल! त्यांच्या तोंडून! मी आत पळाले आणि टॉवेल तोंडात कोंबून हसले. दहावा सकाळी लवकर, म्हणजे शनिवारी मुक्कामी जाणं आलंच. बोट ठेवायला जागा नाही.

पाप म्हणावं तर तेवढंही नाही. सायलीचे सासरे, रखमाजी काका, सहा-सात वर्षांपूर्वीच वारलेत. मी फक्त तारीख पुढं ढकलली.

त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर

हसू गेलं. ताटावर बसल्या बसल्या आई नितीनला म्हणाल्या, "मच्छिंद्राला गाडीचं इचार. दहाव्याला एकल्या बाईला धाडलं तर लोक शेन घालतील तोंडात."

हे कसं विसरले मी? आपल्याकडं मयताला जाण्यापासून कुणी अडवत नाही खरं, पण मयताला एकटं कुणी पाठवतही नाही. लग्न चुकलं तरी चालतं, दहावा चुकवायचा नाही, आणि जायचं ते गाडी भरून. शहरातल्या बाईनं ही थाप मारली असती तर निभावली असती. मी इथली, तरी चुकले. खड्डा मीच खणला आणि मीच त्यात पडले.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. खिचडी करून हात पोळले आणि वर मच्छिंद्र भावजी आले. हे नितीनचे चुलत भाऊ. यंदा सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं चाललंय, त्यामुळे पंचक्रोशीतला एकही दहावा सोडत नाहीत. भाषणं करतात. गेल्या महिन्यात पाथर्डीला चुकून दुसऱ्याच्याच मांडवात बसले आणि तिथंही बोलून आले म्हणे.

"वैनी, मयताचं नाव?"

"रखमाजी काका."

"सोभाव कसा हुता?"

"शांत होता."

"मनमिळाऊ घेतो. आन एकादशीचं मरन, ते तर पयलंच वाक्य घेतो. काम काय करायचे?"

"पोस्टात होते."

"मंजी घराघरात पोचलेला मानूस!" भावजींचे डोळे चमकले. मोबाईल काढून दाखवला. स्टेटसला पेटती समई आणि खाली 'कै. रखमाजी काका यांना भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल मच्छिंद्र आणि मित्रमंडळ, तिसगाव'. चौदा जणांनी हात जोडले होते.

गाडी ठरली. क्रूझर. भावजी, नितीन, आई, मी, आणि 'पुन्याला गाडी चाललीच हाय तर' म्हणून शेजारच्या बनुबाई डोळे दाखवायला, त्यांची सून सोबतीला, आणखी कोण कोण. मी हसून सगळ्यांना चहा दिला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

शाळेच्या मागं चिंचेखाली जाऊन सायलीला सगळं सांगितलं. ती एवढी हसली, एवढी हसली, की मला वाटलं ठसका लागला.

"रुपे, तू माझ्या सासऱ्यांना दुसऱ्यांदा मारलंस?"

मग हसू थांबलं. म्हणाली, "बरं असतं नाही, कुणी मेलं की? लोकांना सांगता तरी येतं."

मी म्हटलं, असं काय अभद्र बोलतेस? ती म्हणाली, काही नाही गं. मग म्हणाली, झोपायला गाद्या खाली टाकू, डबल बेड विकून टाकला. पुण्याची माणसं फर्निचर साडीसारखं बदलतात. आमच्याकडं नितीनच्या आजोबांचा पलंग अजून कुरकुरतोय.

"ये पण. क्रूझर घेऊन ये, सगळं गाव घेऊन ये, पण नक्की ये. रुपे, नक्की." आज फार लाडात होती.

मला तर आता ऑयस्टरचं काही वाटेनासं झालंय. मला ती संध्याकाळ हवी आहे. जिच्यात मी कुणाची सून नाही, बाई नाही, मॅडम नाही. एक संध्याकाळ, बस. बनुबाईंचे डोळे तपासायच्या रांगेत उभं राहून ती मिळणार नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज तर माझं मरणच होतं.

आई म्हणाल्या, "फोन लाव त्या पोरीला. दोन शब्द बोलते." मी म्हटलं, कामात असेल. म्हणाल्या, "सुतकात कसलं काम?" लावावा लागला. स्पीकरवर. सायलीनं उचलला आणि मी घाईघाईनं म्हणाले, "आई बोलतात हं, सासऱ्यांचं कळलं त्यांना."

"सायली, मी रुपालीची सासू. आयकलं बाई. वाईट झालं."

"हो आई," सायली म्हणाली. छान धरून होती.

"घर लई मोकळं मोकळं लागत आसंल."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला.

"भाकरी खाती का न्हाई? एकलीसाठी चूल पेटवू वाटत न्हाई, मला ठावं हाय. रुपालीचे सासरे गेले तवा मी बी दोन म्हैनं नुसता चहा प्याले. तसं करू नको. पेटवायची."

आणि सायली रडायला लागली. हुंदके देऊन, श्वास अडकून, लहान पोरासारखी. मी थक्क झाले. कॉलेजच्या गॅदरिंगला अभिनयाचं बक्षीस तिलाच मिळालं होतं, पण हे त्याच्या वरताण होतं. मला तर तिचं कौतुकच वाटलं.

आई फोन तसाच धरून बसल्या. नंतर मला विचारलं, "तिचा नवरा कुटं हुता?"

"ऑफिसात असतील."

"बाप मेल्यावर?"

"पुण्यातल्या कंपन्या सुट्टी देत नाहीत आई."

"व्हय का," म्हणाल्या आणि गोठ्याकडं गेल्या. पटलं बहुतेक.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी देवाची भांडी घासायला काढली. उंच दांड्याचं पितळी निरांजन चिंचेनं लख्ख केलं आणि उगाच दांड्याला दोन बोटांत धरून बघितलं, वाइनचा ग्लास धरतात तसं. ओठांपर्यंत नेलं. मागं वळले तर दारात आई.

"काय गं?"

"डाग गेला का बघत होते."

निरांजन माझ्या हातातून घेऊन देवाजवळ ठेवलं.

संध्याकाळी मच्छिंद्र भावजी क्रूझरची वेळ सांगायला आले. आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी नगं. फोन झाला माजा. पुन्याच्या लोकांचं आटोपशीर आसतं, घरात मानसं मावायची न्हाईत. मी आन रुपाली जातो यष्टीनं."

"आवं पन काकू, माजं भाषन?"

"ठिव. दुसऱ्या कुनाला कामाला यील."

बनुबाईही रुसून गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण जीपभर माणसांत मी कुठं तरी निसटले असते, 'आलेच' म्हणून तासभर तरी. आता आई आणि मी, बाकडं एक. आईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं येत नाही, आणि त्यांना घेऊन मी कालवं खायला चाललेय.

न जाण्याचीही सोय राहिली नाही. तापाचं नाटक केलं तर आई एकट्या जातील. दहावा चुकवणार नाहीत. न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. स्वतःचाच राग येतो. पहिल्याच दिवशी 'कशाला'ला 'मला जायचंय म्हणून' म्हणून उभी राहिले असते तर फार तर काय झालं असतं? पण नाही राहिले.

आईंनी पिशवी भरली. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि त्यांच्या ट्रंकेतली कोरी हिरवी साडी. मी म्हटलं, आई, दुखवट्याला हिरवी चालते का? आणि तिच्या नवऱ्यासाठी टॉवेल-टोपी घ्यायची राहिली. म्हणाल्या, "आसू दे." सगळ्या गावाला रीतभात सांगणारी बाई. वय झालं आता त्यांचं.

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळी, खराडी

दोघी अजून झोपल्यात. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल करंजीचा घाट उतरल्यापासून आई खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी नगर, सुपा, शिरूर, सगळी गावं मागं जाताना बघत होते आणि कबुलीजबाब जुळवत होते. एकही धड जुळला नाही. खराडीला उतरलो तेव्हा दिवस कलला होता.

सायलीनं दार उघडलं. लाल ड्रेस, लिपस्टिक, केस मोकळे. आईंना बघून तिचा हात तोंडावर गेला. सासरा मेलेल्या घरातली सून! मी डोळे मिटून घेतले.

"आत घेती का न्हाई?" आई म्हणाल्या.

आत आवाज घुमत होता. सोफा नाही, टीव्ही नाही. भिंतीवर फोटो काढून नेल्याच्या चौकटी. आई खाली फरशीवर बसल्या, सायलीला हाताला धरून शेजारी बसवलं आणि विचारलं, "कदी गेला?"

मी मधेच म्हणाले, "आई, मी सांगितलं ना, शुक्रवारी, एकादशीला..."

"तू गप. मी हिच्या नवऱ्याचं इचारतीय."

सायली म्हणाली, "दिवाळीत."

आणि आईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बुधवारी फोनवर रडली होती अगदी तशीच. तो अभिनय नव्हता. अमृत भावजी बंगळुरूला गेले ते दुसऱ्या कुणाबरोबर. तिनं आईवडिलांनाही सांगितलेलं नाही. लोक विचारतील का गेला, आणि तिला उत्तर माहीत नाही. हे घर महिनाअखेर सोडायचंय, त्याआधी एकदा कुणीतरी यावं, म्हणून मला बोलावलं होतं. मी तिला हळदीच्या गुळण्या करायला सांगितल्या.

लाज वाटली. फार वाटली. आणि खरंच लिहायचं तर, त्या लाजेतही हॉटेलातलं टेबल आठ वाजताचं आहे हे डोक्यातून गेलं नाही. ही माझी संध्याकाळ होती आणि तीही शेवटी आईंच्याच मांडीवर गेली, असं वाटलं. असं वाटल्याचीही लाज वाटली.

सायली तोंड धुवायला गेली तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"फोनवर. सासऱ्यासाटी कुनी आसं रडत न्हाई. मी बी रडले न्हवते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले आसते तर मंग येनं व्हायचं न्हाई. आन ही पोर इतं एकली राह्यली आसती." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू खोटं कशाला बोलली?"

"खरं सांगितलं होतं आधी. तुम्ही 'कशाला' म्हणालात."

त्यांनी पिठाची पिशवी सोडली, गाठ बांधली, परत सोडली. "व्हय," म्हणाल्या. "म्हनले."

"उद्या पुन्हा विचाराल."

"इचारीन. आमाला कुनी दुसरं शिकीवलंच न्हाई."

मग उठल्या आणि स्वयंपाकघरात परात शोधायला लागल्या. आतूनच म्हणाल्या, "जावा दोघी. काय खायाचं ते खाऊन या, मला सांगू नका. तवर भाकरी टाकते."

गेलो. बर्फावर मांडलेली कालवं आली, लिंबाच्या फोडी आल्या, पांढरी वाइन आली. सायलीनं गिळून दाखवलं. मी डोळे मिटून एक गिळलं. थंडगार, खारट पाणी, आणि काही कळायच्या आत संपलं. मी म्हटलं, "सायले, एवढ्यासाठी मी माणूस मारला?" ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा, असं म्हणाली. दुसरं मला आवडलं. तिसऱ्याला लिंबू जास्त पिळलं. वाइनचा एकच ग्लास पुरवून पुरवून प्यायले आणि त्या सगळ्या वेळात मला कुणीही हाक मारली नाही. सायली बोलत राहिली, मी ऐकत राहिले. मला फार बरं वाटलं. तिच्या दुःखासमोर बसून एवढं बरं वाटणं चांगलं की वाईट, ते ठरवता येत नाही.

परत आलो तर भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. आईंनी आमच्या तोंडाचा वास घेतला नाही. लांबूनच वाढलं. सायलीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. हिरवी साडी तिच्या ओटीत घालताना आई म्हणाल्या, "तू जित्ती हायस ना? मंग हिरवं नेस."

रविवार, संध्याकाळी, तिसगाव

घरी आलो. नितीननं दोन वेळा खिचडीच केली होती. मच्छिंद्र भावजी वाटच बघत होते, पाणी प्यायच्या आत आलेच.

"काय काकू, झाला का दहावा नीट? कावळा शिवला का?"

मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. हातातली साखर तशीच राहिली. आई आयुष्यात खोटं बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. दारातून बघितलं तर त्यांनी गळ्यातली माळ हळूच पदराखाली सारली.

"शिवला. पान मांडाय उशीर, शिवला."

"मंजी इच्छा न्हाई राह्यली काय. पुन्यवान आत्मा." भावजींनी हात जोडले.

"सायलीनं रुपालीला वर्षश्राद्धाला बोलीवलंय," आई नितीनला म्हणाल्या. "वर्सातून एकदा जाऊन येत जाईल ही. एकलीच गेली तरी चालंल, आता घर ठावं झालं."

वर्षातून एक संध्याकाळ. त्यांच्याजवळ जेवढं होतं तेवढं त्यांनी दिलं, हे मला कळलं, आणि त्यांचे पाय धरावेसे वाटले. आणि त्याच क्षणी ते मला पुरणार नाही हेही कळलं. वर्षात किती संध्याकाळी असतात! मग मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि माझ्याच आवाजात म्हणाले,

"पहिलं वर्षभर मासिक श्राद्ध पण असतं ना, आई? दर महिन्याला?"

"आसतं की!" मच्छिंद्र भावजी म्हणाले. "ते चुकवायचं नसतंय वैनी. शास्तर हाय."

आईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या ओठांवर तो शब्द आलेला मला स्पष्ट दिसला. मी नजर खाली घेतली नाही. भावजी बशीत चहा ओतून घेत होते, नितीन कधी आईंकडं कधी माझ्याकडं बघत होता.

"व्हय," आई म्हणाल्या. "आसतं."